हेअर ट्रान्सप्लांटच्या आधी आणि नंतरची औषधं, अगदी पहिल्यापासून

ट्रान्सप्लांट करायचं ठरलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट उचलून लावायचे केसांचे छोटे पुंजके, किती लागतील? मग हेअरलाईन, म्हणजे कपाळावरची केसांची रेघ, कुठे येणार, एफयूई (पुंजके एकेक करून काढणं) करायचं की एफयूटी (कातडीची पट्टी काढून त्यातून पुंजके वेगळे करणं), सुट्टी किती टाकायची वगैरे वगैरे. औषधांचा विषय निघाला की मात्र बरेच जण म्हणतात, अहो ऑपरेशनच करतोय ना, मग आता गोळ्या कशाला? नेमकी इथेच गल्लत होते आणि ती लक्षात यायला चार-पाच वर्षं जातात, तोवर डोनर एरिया, म्हणजे डोक्याचा ज्या भागातून केस उचलतात तो, बराचसा वापरून झालेला असतो.

म्हणून आधी हे समजून घ्या. डोक्याच्या मागचे आणि कानांच्या वरचे केस, टक्कल पाडणाऱ्या डीएचटी नावाच्या हार्मोनला फारशी दाद देत नाहीत. ते उचलून पुढे लावले तरी त्यांचा हा गुण जात नाही, नॉर्मन ओरेंट्राइक या त्वचातज्ज्ञाने १९५९ मध्ये हे मांडलं आणि आजही सगळं ट्रान्सप्लांट त्याच्यावरच चालतं. पण लावलेल्या केसांच्या अधेमधे आणि त्यांच्या मागे जे तुमचे मूळचे केस उरलेत, त्यांचं काय? ते ऑपरेशनच्या आधी जसे बारीक होत होते तसेच नंतरही होत राहणार. पंचविशीतल्या पोराने नुसती पुढची हेअरलाईन भरून घेतली आणि औषध काहीच घेतलं नाही तर काही वर्षांनी पुढे दाट पट्टा आणि त्याच्या मागे मोकळं रान, असं दिसू शकतं, आणि ते साध्या टकलापेक्षा वाईट दिसतं. ट्रान्सप्लांट केस एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतं, नवीन बनवत नाही. गळती थांबवणं हे त्याचं कामच नाही, ते औषधांचं काम.

आधी गळती कसली आहे ते बघा

हे सोडून थेट गोळीवर जाऊ नका. कपाळाचे कोपरे आत जाणं, क्राऊन, म्हणजे शेंडीची जागा, विरळ होणं, केस वर्षागणिक बारीक होत जाणं, हा पुरुषांमधला नेहमीचा पॅटर्न, त्याची पायरी नॉर्वूड स्केलवर १ ते ७ अशी मोजतात. पण मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण किंवा उपासमारीचं डाएट झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस येतात ती गळती वेगळी, ती बहुतेक वेळा आपोआप थांबते. चाई वेगळी. थायरॉईड, लोह कमी असणं हेही असतं. आणि काही आजारांत केसांची मुळंच सुजून जळून जातात, तिथे आजार शांत व्हायच्या आधी ट्रान्सप्लांट केलं तर लावलेलेही जातात.

त्वचेच्या डॉक्टरकडे जा, ते ट्रायकोस्कोपने मुळं मोठी करून बघतात. त्यांना मागच्या बाजूचे, म्हणजे डोनरचे केसही बघायला सांगा. काही लोकांचे मागचे केससुद्धा बारीक होत असतात आणि अशांना ट्रान्सप्लांट सहसा करूच नये, कारण उचललेला माल स्वतःच टिकाऊ नसतो.

औषधं कोणती

मुख्य दोनच, फिनास्टेराईड आणि मिनॉक्सिडिल. बाकीची त्यांच्या आजूबाजूची.

फिनास्टेराईड, म्हणजे बोलीभाषेत फिन, टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणाऱ्या एन्झाइमला अडवतं. रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी खाली येतं. याची गोष्ट मजेशीर आहे, डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत हे एन्झाइम जन्मतःच कमी असलेली माणसं होती, १९७४ मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास छापून आला, त्यांच्यात प्रोस्टेट लहान राहायचं आणि टक्कल पडायचं नाही, तिथून औषधाची कल्पना आली. अमेरिकेत १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी मंजूर झाली आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची पुरुषांच्या केसांसाठी. दोन वर्षांच्या चाचणीत केस मोजले तेव्हा गोळी घेणाऱ्या १०० पैकी ८३ जणांची संख्या टिकून राहिली किंवा वाढली, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हा आकडा २८ होता. म्हणजे हे मुख्यतः टिकवायचं औषध. नवीन जंगल उगवेल या आशेने घेतलं तर निराश व्हाल.

ड्युटास्टेराईड हा त्याचा मोठा भाऊ, डीएचटी ९० टक्क्यांच्या वर पाडतो. दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये केसांसाठी मंजूर आहे, अमेरिकेत केसांसाठी नाही, तिथे प्रोस्टेटसाठीच. शरीरातून जायलाही खूप वेळ लावतो, फिन बंद केलं की दोन-चार दिवसांत बाहेर, ड्युटाचा अंश काही महिने रेंगाळतो. म्हणून नवख्या माणसाने ड्युटापासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्रास झाला तर फिन लगेच सोडता येतं, याला सोडलं तरी तो तुम्हाला सोडत नाही.

मिनॉक्सिडिल मुळात ब्लडप्रेशरची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून लावायचं औषध निघालं, २ टक्क्यांचं १९८८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. डीएचटीशी याचं काही देणंघेणं नाही, ते केसांचा वाढीचा काळ लांबवतं. ५ टक्के सोल्यूशन दिवसातून दोनदा १ मिलि, कोरड्या टाळूवर, केसांवर नाही. केसांना चोपडून उपयोग शून्य. सोल्यूशनमधल्या प्रॉपिलिन ग्लायकॉलने खाज, कोंड्यासारखे पापुद्रे येत असतील तर फोम घ्या, बहुतेक फोममध्ये ते नसतं. झोपायच्या दोन तास आधी लावा नाहीतर उशीला आणि तिथून गालाला लागून तिथे लव येते. आणि घरात मांजर असेल तर फार सांभाळा, मिनॉक्सिडिल मांजरांना जीवघेणं ठरतं, उशी चाटली, हात चाटले एवढंही पुरतं. तान्ह्या बाळाचा चेहराही लावलेल्या जागेला लागू देऊ नका.

हल्ली कमी डोसची मिनॉक्सिडिलची गोळीही बरेच डॉक्टर देतात. सोयीची आहे, पण अंगभर लव वाढणं, घोट्यावर सूज, धडधड, उठल्यावर चक्कर हे होऊ शकतं आणि हृदयाचा काही त्रास असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात नाही.

केटोकोनॅझोल शाम्पू कोंड्याला चांगला, केसगळतीवर पुरावा थोडासाच. बायोटिन हे व्हिटॅमिन शरीरात कमी नसेल तर घेऊन उपयोग नाही, वर रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात, थायरॉईडची आणि हृदयाच्या ट्रोपोनिनची सुद्धा, म्हणून ऑपरेशनच्या आधी रक्त द्यायला जाताना घेत असाल तर सांगा. पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग टाळूत टोचणं, करायचं तर करा, पण औषधाच्या ऐवजी नाही.

फिनबद्दलची भीती, मोकळेपणाने

हा भाग लांबवतोय कारण निम्मे लोक इथेच अडकतात. एक गट म्हणतो हे विष आहे, दुसरा म्हणतो काहीच होत नाही, दोन्ही खोटं. मंजुरीच्या वेळच्या चाचण्यांमध्ये लैंगिक तक्रारी, म्हणजे इच्छा कमी होणं, ताठरता कमी, वीर्य कमी, यातली एखादी तरी तक्रार औषध घेणाऱ्यांत ३.८ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के होती. बहुतेकांचं बंद केल्यावर जातं, पण काही जणांनी बंद केल्यावरही त्रास चालू राहिल्याचं सांगितलंय आणि औषधाच्या माहितीपत्रकातही तसं लिहिलेलं आहे. मूड खाली जाणं, नैराश्य हेही आहे. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराईडच्या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. म्हणून आधी नैराश्य होऊन गेलं असेल तर डॉक्टरपासून लपवू नका, घरातल्या एका माणसाला तरी सांगून ठेवा की मी हे चालू केलंय, वागण्यात फरक दिसला तर सांग. असे विचार यायला लागले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता गोळी बंद करून लगेच डॉक्टर गाठायचा.

छातीत गाठ, दुखणं, निप्पलमधून स्राव आला तरी तेच. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर तेही बोला, काही पुरुषांत वीर्याचा दर्जा खालावतो आणि बंद केल्यावर सुधारतो. गरोदर बाईने फुटलेल्या किंवा कुटलेल्या गोळीला हात लावू नये, पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो, म्हणून गोळीचे तुकडे करून घरभर ठेवायचे नाहीत.

टाळूवर लावायचं फिनही मिळतं, ते कमी प्रमाणात रक्तात जातं पण जातंच, त्यामुळे लावायचं आहे म्हणजे शून्य धोका असं समजू नका.

तारीख घ्यायच्या वर्षभर आधी

गळती जोरात चालू असताना ऑपरेशन करणं मला घाईचं वाटतं. सहा महिने ते वर्ष औषध घेऊन आधी गळती स्थिर होऊ द्या, विशेषतः वय तिशीच्या आत असेल तर. याचे फायदे बरेच. एक तर औषध तुम्हाला सोसतं का ते कळतं, आणि सोसत नसेल तर सर्जन त्याप्रमाणे आखणी बदलतो, हेअरलाईन जरा वर ठेवतो, पुढच्यासाठी डोनर राखून ठेवतो. दुसरं म्हणजे क्राऊन कधीकधी औषधानेच इतका भरतो की तिथे ग्राफ्ट लावायची गरजच उरत नाही, ते ग्राफ्ट पुढे कामाला येतात. आणि तिसरं, ऑपरेशनच्या धक्क्याने आधीच अशक्त झालेले केस आधी गळतात, ते जितके धडधाकट करून टेबलावर जाल तितकं बरं.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा, दोन्ही औषधं एकाच दिवशी चालू करू नका. आधी एक, तीन-चार महिन्यांनी दुसरं. नाहीतर टाळूला खाज कशाने, धडधड कशाने, मूड कशाने, काहीच उलगडत नाही आणि लोक वैतागून दोन्ही सोडतात.

सुरुवातीला शेडिंग होतं, खास करून मिनॉक्सवर, पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत नेहमीपेक्षा जास्त केस गळतात. जुने केस जागा सोडतात म्हणून होतं, दोन महिन्यांच्या आसपास ओसरतं. इथे घाबरून थांबणारे खूप आहेत. चार महिन्यांच्या आत कुठलाच निकाल लावू नका, फिनचा तर वर्षभर नाही. रोज आरशात बघून काही कळत नाही, महिन्यातून एकदा, तोच दिवा, तीच जागा, कोरडे केस, पुढून-वरून-मागून फोटो काढा. हेच फोटो सर्जनलाही दाखवायचे.

कन्सल्टेशनला गेलात आणि औषधांबद्दल एक प्रश्नही न विचारता थेट ग्राफ्टचा आकडा आणि तारीख हातात पडली तर दुसरीकडे दाखवा.

शेवटचे दोन आठवडे

घेत असलेल्या सगळ्या गोष्टींची यादी करून द्या, सगळ्या म्हणजे जिममधली पावडर, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, काढे, सगळं. यातल्या बऱ्याच गोष्टींनी रक्त जास्त वाहतं. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी हृदयासाठी चालू असेल तर ती ज्या डॉक्टरने दिली त्यालाच विचारल्याशिवाय बंद करायची नाही, केसांसाठी हृदय पणाला लावू नका.

फिन सहसा चालूच ठेवतात, ऑपरेशनच्या दिवशीही. २००५ मध्ये छापलेल्या एका चाचणीत ऑपरेशनच्या ४ आठवडे आधीपासून नंतर ४८ आठवड्यांपर्यंत फिन दिलं होतं आणि त्या लोकांचे आजूबाजूचे मूळ केस न घेणाऱ्यांपेक्षा चांगले राहिले. लावायचं मिनॉक्सिडिल मात्र बरेच सर्जन काही दिवस आधी थांबवायला सांगतात, कुणी तीन दिवस, कुणी आठवडा, कुणी दोन, कारण त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि टाळू लाल झालेली असते. तुमचा सर्जन जो आकडा सांगेल तो धरा, दुसऱ्या कुणाचा नको. मिनॉक्सची गोळी किंवा ब्लडप्रेशरची कुठलीही गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा, भूल देताना त्यात अॅड्रेनलिन मिसळलेलं असतं. सिगरेट आणि दारूही या काळात बंद.

पहिले दहा दिवस

या दिवसांत केसांच्या औषधांपेक्षा जखम महत्त्वाची. अँटिबायोटिक, दुखण्याची गोळी, कधी सुजेसाठी थोडे दिवस स्टेरॉईड, आणि सलाईनचा स्प्रे, दिलं असेल ते दिलं तसंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळाला सूज उतरून डोळ्यांपर्यंत येते, दिसायला भयंकर पण बहुतेकांची आपोआप जाते. ताप, पू, वाढत जाणारं दुखणं, कातडी काळी पडणं हे मात्र लगेच कळवा.

फिनची गोळी चालू. मिनॉक्सिडिल मात्र ग्राफ्ट लावलेल्या भागावर अजिबात नाही, त्यातलं अल्कोहोल ताज्या जखमेवर झोंबतं आणि चोळताना ग्राफ्ट निसटू शकतो. ग्राफ्ट पक्के बसायला साधारण नऊ-दहा दिवस लागतात. खपल्या पडून गेल्या, टाळू शांत झाली की सर्जन मिनॉक्स परत चालू करायला सांगतो, कुणी दोन आठवड्यांनी, कुणी महिन्याने. परत चालू करताना शक्यतो फोम, आणि बोटाने रगडायचं नाही, नुसतं टेकवायचं. डर्मारोलर (टाळूवर फिरवायचा बारीक सुयांचा रोलर) वगैरे तर कित्येक महिने विसरा.

महिना ते चार महिने, सगळ्यात वाईट काळ

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात लावलेले केस गळून जातात. जवळपास सगळेच! हे ठरलेलं आहे, केसाचा दांडा जातो, मूळ आत राहतं. त्याच सुमारास शॉक लॉस म्हणून आजूबाजूचे मूळचे केसही गळू शकतात, कधी डोनरचेही, आणि वर मिनॉक्स नुकतं परत चालू केलं असेल तर त्याचं शेडिंग. तीन गोष्टी एकदम आल्यामुळे माणूस ऑपरेशनच्या आधीपेक्षा टकला दिसतो आणि याच वेळी लोक क्लिनिकला शिव्या घालतात आणि औषधं फेकून देतात. फेकू नका, शॉक लॉसमध्ये गेलेले धडधाकट केस काही महिन्यांत परत येतात, पण आधीच पार बारीक झालेले येतीलच असं नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, वेडेवाकडे केस फुटायला लागतात, पुरळासारखे फोडही येतात. मग सहा, नऊ, बारा महिने हळूहळू जाडी येते, क्राऊनला दीड वर्षही लागतं.

बायकांसाठी थोडं वेगळं

बायकांत सहसा भांग रुंदावत जातो आणि मागचे केसही विरळ असू शकतात, त्यामुळे ट्रान्सप्लांट सगळ्यांना चालत नाही. लावायचं मिनॉक्सिडिल हेच मुख्य औषध, ५ टक्के फोम दिवसातून एकदाच. चेहऱ्यावर लव येऊ शकते. मूल होण्याच्या वयात फिन आणि ड्युटा नको, स्पायरोनोलॅक्टोन डॉक्टर देतात पण गर्भ राहणार नाही याची खबरदारी घेऊनच. गरोदर असताना, अंगावर पाजत असताना मिनॉक्सिडिलही बंद.

वर्षानंतर, आणि सोडायचं असेल तर

किती वर्षं घ्यायचं हा प्रश्न येतोच. मूळ केस ठेवायचे आहेत तितकी. मिनॉक्स सोडलं की तीन-चार महिन्यांत त्याने आलेले केस जातात, फिनचा फायदा वर्षभरात ओसरतो. लावलेले केस या दोन्हीशिवाय राहतात, त्यामुळे ज्याचं जवळजवळ सगळं वरचं टक्कल होतं आणि मूळचे केस उरलेच नव्हते, त्याला औषधाचा उपयोग मर्यादित आणि तो डॉक्टरशी बोलून सोडूही शकतो. नॉर्वूड ३ वाल्याने सोडलं तर मागे भोक पडणार हे धरूनच सोडावं. त्रास होत नसेल तर निदान ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष तरी बदल करू नका, नाहीतर फोटोत जे दिसतंय ते कशामुळे हे सर्जनलाही सांगता येत नाही. दुसऱ्या सिटिंगचा विचारही या वर्षानंतरच.

बाकी दोन बारीक गोष्टी. फिन चालू असताना रक्तदान करायचं नाही, बंद केल्यावर महिनाभर थांबायचं, ड्युटा असेल तर सहा महिने, कारण ते रक्त गरोदर बाईला जाऊ शकतं. आणि प्रोस्टेटची पीएसए तपासणी करायची वेळ आली तर ही गोळी चालू आहे हे लॅबला नाही, डॉक्टरला सांगा, या औषधाने तो आकडा साधारण निम्मा दिसतो आणि त्यांना तो दुप्पट करून वाचावा लागतो.